पासबुकातल्या कपातीचा हिशोब

नाशिकच्या शेतकऱ्याचा कांदा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात विकला गेला की त्याच्या हाती पट्टी येते. वर वजन, भाव आणि एकूण रक्कम. खाली कपाती: गाडीभाडं, हमाली, तोलाई, वाराई. तळाला निव्वळ रक्कम. जाणता शेतकरी तळाच्या आकड्याकडे नंतर बघतो, आधी कपातींवर बोट ठेवतो. कुठली कपात नियमात बसते आणि कुठली नुसत्या रिवाजानं चालत आली, हे त्याला ठाऊक असतं. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं शेतकऱ्याकडून अडत घ्यायला बंदी केली आणि अडतीचा भार खरेदीदारावर टाकला. पट्टीतली एक जुनी ओळ त्या निर्णयानं गेली. ‘अशीच पद्धत आहे’ हे त्या ओळीचं समर्थन वर्षानुवर्षं चाललं होतं.

बँकेचं पासबुक ही खातेदाराची पट्टीच आहे, आणि तीही तशीच वाचायला हवी. बाजारात शेराला शेर लावून हिशोब करणारी माणसं बँकेनं कापलेल्या रकमेपुढे मात्र गप्प बसतात. पासबुकावर इंग्रजी अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं, शेजारी ५९० किंवा १७७ असा आकडा असतो. शाखेत विचारलं तर ‘सिस्टीमनं कापलंय, आमच्या हातात नाही’ असं उत्तर मिळतं आणि विषय तिथंच संपतो. तो तिथं संपू नये, यासाठी हे प्रकरण.

ही रक्कम किरकोळ वाटते, पण तिची बेरीज किरकोळ नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन अर्थराज्यमंत्री डॉ. भागवत कराड यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं. २०१८ पासून सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी मिळून किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल २१ हजार कोटी रुपयांहून जास्त, एटीएमच्या जादा व्यवहारांपोटी ८ हजार कोटींहून जास्त आणि एसएमएसपोटी ६ हजार कोटींहून जास्त रक्कम वसूल केली होती. एकूण ३५ हजार कोटींच्या वर. किमान शिल्लक ठेवता येत नाही ती गरिबालाच, त्यामुळे यातला सर्वांत मोठा वाटा ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे त्यांच्याकडून आला, असं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

कृषी उत्पन्न बाजार समितीच्या (एपीएमसी) बाजारात हे जवळून दिसतं. मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, भायखळा इथले घाऊक बाजार मुंबईतून हलवायचं ठरलं आणि १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार सर्वांत आधी नवी मुंबईत आला. मसाला आणि धान्य बाजार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आले, भाजीपाला आणि फळं १९९६ मध्ये. या पाच बाजारांत माल चढवणारा-उतरवणारा माथाडी प्रामुख्यानं सातारा, सांगली, पुणे, नगरकडचा. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यामुळे मालकानं मजुरी आणि लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची आणि मंडळानं ती कामगाराला द्यायची, अशी रीत बसली. आज ही मजुरी बँकेच्या खात्यात जमा होते. मुकादमानं किंवा दलालानं मधल्यामध्ये काही ठेवून घेण्याची वाट त्यामुळे बंद झाली, ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच त्या खात्यातून गैरवाजवी कपात होते तेव्हा ती जास्त बोचते.

आता मुद्द्याचं. कापलेले पैसे परत मागायला निघालेला माणूस बहुतेक वेळा चुकीच्या जागी बोट ठेवतो. तो म्हणतो, “पाचशे रुपये दंड? एवढा कुठं असतो का?” रागाचं कारण खरं आहे, पण या वाक्यावर दावा उभा राहत नाही. ब्रिटनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. खात्यात पैसे नसताना चेक किंवा हप्ता आला की तिथल्या बँका ३० पौंडांच्या आसपास दंड लावत. २००६-०७ च्या सुमाराला हजारो खातेदारांनी लहान दाव्यांच्या न्यायालयात स्वतःच अर्ज केले, वकील न लावता. पुष्कळ बँकांनी सुनावणीआधीच पैसे परत देऊन प्रकरणं मिटवली. मग जुलै २००७ मध्ये तिथल्या व्यापार नियामकानं सात बँका आणि एका गृहवित्त संस्थेविरुद्ध नमुना खटला दाखल केला आणि देशभरचे दावे थांबले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: हे शुल्क म्हणजे बँकेच्या सेवेच्या किमतीचाच भाग आहे, तेव्हा ती किंमत वाजवी आहे की नाही हे नियामकाला त्या नियमांखाली तपासता येणार नाही. दर जास्त आहे या एकाच मुद्द्यावर उभे असलेले दावे एका दिवसात खाली बसले.

आपल्याकडेही वळण हेच आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्याजाची कमाल मर्यादा ठरवणं हे आयोगाचं काम नाही, तो विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेतही बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार घेतली जात नाही. म्हणजे दराविरुद्ध भांडायला गेलात तर दोन्ही दारांवर अडाल.

पण दर ठरवण्याची मोकळीक बँकेला असली तरी तो कसा लावायचा, हे रिझर्व्ह बँकेनं बांधून दिलं आहे. आधी कळवलं का, हिशोब ठरल्याप्रमाणे केला का, ज्या खात्याला शुल्क लावायचंच नाही त्याला लावलं का, हे प्रश्न सेवेतल्या त्रुटीचे आहेत. सेवेतली त्रुटी लोकपालापुढेही चालते आणि ग्राहक आयोगापुढेही. माझ्या मते सामान्य खातेदारानं आपली सगळी ताकद इथंच लावावी. वाद जिंकायला सोपा पडतो, कारण पुरावा बँकेकडेच मागायचा असतो.

किमान शिल्लकीचंच घ्या. २० नोव्हेंबर २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. त्यानुसार शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली की बँकेनं खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं स्पष्ट कळवायचं: महिन्याभरात शिल्लक पूर्ववत केली नाहीत तर दंड लागेल. तो महिना जाऊ द्यायचा, मगच दंड. दंड सरसकट लावायचा नाही. ठरलेली शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक यांत जेवढा फरक, त्या फरकाच्या ठरावीक टक्क्यांत तो बसवायचा. बँकेला टप्पे पाडता येतात, पण तुटीशी त्यांचं प्रमाण राहिलं पाहिजे. आणि केवळ या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये.

हे आकड्यांत मांडून बघू. समजा, भाजीपाला बाजारातला एक माथाडी पेरणीला गावी गेला. मंडळाकडून मजुरी जमा होणं थांबलं आणि काही महिन्यांनी बँकेनं त्याचं पगार खातं साध्या बचत खात्यात बदललं. त्या खात्याला सरासरी मासिक शिल्लक ३,००० रुपये हवी. इथं ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा. रोज रात्री खात्यात जे उरतं त्याची महिन्याची बेरीज करून दिवसांनी भागायचं. १८ हजार रुपये पाच दिवस राहिले आणि उरलेले पंचवीस दिवस खातं रिकामं असलं तरी सरासरी ३ हजार भरते आणि दंड लागू होत नाही. पुष्कळांना वाटतं की शिल्लक एक दिवसही खाली गेली की संपलं. तसं नाही.

आता या माणसाची सरासरी २,४०० निघाली. तूट ६०० रुपये. बँकेच्या शुल्कपत्रकात ‘तुटीच्या ६ टक्के’ असं लिहिलं असेल तर दंड ३६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६ रुपये ४८ पैसे, एकूण ४२ रुपये ४८ पैसे. पासबुकात मात्र ५९० गेलेले दिसतात: ५०० दंड आणि ९० जीएसटी. म्हणजे दंड लागू होतो असं धरलं तरी ५४७ रुपये ५२ पैसे जास्त गेले. आणि आधी सूचनाच दिली नसेल तर पूर्ण ५९० रुपये परत मागायचा त्याला हक्क आहे. सहा महिने हेच चाललं तर ३,५४० रुपये. परतावा मागताना जीएसटीही मागायचा, हे लोक विसरतात. शुल्कच चुकीचं असेल तर त्यावरचा कर खातेदारानं का सोसावा?

काही खात्यांना हा दंड मुळातच लागत नाही. जनधन किंवा मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लकीची अटच नाही. रिझर्व्ह बँकेच्या १० ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकानं ते बांधून दिलं आहे. शून्य शिल्लकीचं खातं हवं असेल तर आपलं सध्याचं बचत खातं त्या प्रकारात बदलून मागता येतं, मात्र मग त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. दोन वर्षं खातेदारानं स्वतः व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय ठरतं. अशा खात्यालाही किमान शिल्लकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायला शुल्क घेता येत नाही. गाव सोडून बाजारात आलेल्या आणि बाजार सोडून गावी गेलेल्या माणसांची अशी जुनी खाती पुष्कळ असतात. ती उघडून बघावीत.

एसएमएसचं शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार घ्यायचं, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१३ मध्येच सांगितलं आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेनं १०० रुपये भरपाई द्यायची, आणि तीही खातेदारानं न मागता. १५ ऑक्टोबर २०१९ पासून हा नियम आहे. मशीन बंद असल्यामुळे किंवा त्यात नोटा नसल्यामुळे फसलेला व्यवहार मोफत व्यवहारांत मोजायचा नाही, हेही ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट झालं आहे. कर्जाचा हप्ता चुकला तर लागणारं दंडात्मक शुल्क मुद्दलात मिळवून त्यावर आणखी व्याज लावणंही ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं बंद केलं आहे.

एवढं समजलं की पहिलं पाऊल शाखेत टाकायचं, आणि ते तोंडी नाही. कागदावर, मराठीत चालेल. मायना ‘मा. शाखा व्यवस्थापक यांस’ आणि खाली सरळ मजकूर: “माझ्या बचत खात्यातून जुलै ते डिसेंबर या काळात किमान शिल्लक दंड म्हणून सहा वेळा प्रत्येकी ५९० रुपये, एकूण ३,५४० रुपये वळते झाले आहेत. दंड लावण्यापूर्वी मला पाठवलेल्या सूचनेची तारीख, मजकूर आणि ती कोणत्या क्रमांकावर पाठवली ते कळवावे. प्रत्येक महिन्याची सरासरी शिल्लक, तूट आणि दंडाचा हिशोब द्यावा. दंड लावताना लागू असलेले शुल्कपत्रक द्यावे. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे सूचना दिलेली नसल्यास पूर्ण रक्कम जीएसटीसह खात्यात जमा करावी.” पासबुकाच्या त्या पानांच्या झेरॉक्स जोडायच्या. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि तारीख घ्यायची. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टनं पाठवायचं आणि पावती सांभाळायची. बँकेच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर तक्रार नोंदवली तरी चालतं, तक्रार क्रमांक मात्र लिहून ठेवावा.

या पत्रात रागाचा एकही शब्द नाही, आणि तो नसावा. बँकेकडे तीन कागद मागितले आहेत. ते असतील तर ती देईल आणि आपलंच चुकलं हे कळेल, तेही उपयोगाचंच. नसतील तर पुढच्या पायरीवर न दिलेलं उत्तर हाच आपला पुरावा. मोठ्या बँकांत आणखी एक गाळणी आहे. तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळायची असेल तर बँकेनं ती आपल्या अंतर्गत लोकपालाकडे पाठवायची असते. फेटाळल्याचं पत्र आलं आणि त्यात अंतर्गत लोकपालाचा उल्लेखच नसेल, तर ते विचारावं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी आधीच्या तीन योजना एकत्र करून एकात्मिक लोकपाल योजना आली. आपली बँक कुठल्या लोकपालाच्या हद्दीत येते हे शोधायची गरज तेव्हापासून उरली नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करता येते. पोर्टल जमत नसेल तर साध्या कागदावर चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार स्वीकृती केंद्राला टपालानं पाठवता येते, आणि तिथं कुठल्याही भाषेतली तक्रार घेतली जाते. १४४४८ या क्रमांकावर फोन करून मराठीत माहिती मिळते. शुल्क काही नाही. स्वतः वकील असलेला खातेदार सोडला तर वकिलामार्फत तक्रार करताच येत नाही, आणि मला ही या योजनेची फार चांगली बाजू वाटते. बँकेचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. उत्तरच आलं नसेल तर तक्रार केल्यापासून एक वर्ष आणि ३० दिवस. २०२१ च्या योजनेनुसार बँकेच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत, आणि वेळ, खर्च, मनस्ताप यांपोटी वेगळे १ लाखापर्यंत देण्याचा अधिकार लोकपालाला आहे.

पुष्कळ तक्रारी पहिल्याच दिवशी बाद होतात, आणि कारणं साधी असतात. बँकेकडे आधी लेखी तक्रारच केलेली नसते, किंवा तीस दिवस पूर्ण व्हायच्या आत पोर्टलवर अर्ज टाकलेला असतो, किंवा तेच प्रकरण एखाद्या न्यायालयात किंवा आयोगात चालू असतं. दोन दारं एकाच वेळी ठोठावता येत नाहीत. माझा सल्ला असा की आधी लोकपाल, आणि तिथं समाधान झालं नाही तर ग्राहक आयोग. फक्त एक भान ठेवायचं: ग्राहक आयोगाची मुदत रक्कम कापल्यापासून दोन वर्षं. लोकपालाकडे प्रकरण चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबेल, असं गृहीत धरू नये.

मुंबईत धोबीतलावला लघुवाद न्यायालय आहे, पण तिथं मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचे दावे चालतात, आणि एपीएमसी बाजार ठाणे जिल्ह्यात येतो. आपल्यासाठी लहान दाव्यांचं खरं ठिकाण म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपण जिथं राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, हा त्यातला मोठा बदल. बँकेचं मुख्यालय कुठंही असो, एपीएमसीत काम करणारा माणूस सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनातल्या ठाणे अतिरिक्त जिल्हा आयोगात जाऊ शकतो. सानपाड्याहून हार्बरनं तो थोडक्या वेळाचा प्रवास आहे. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. आधी त्यासाठी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलं. सुनावणी दूरदृश्य पद्धतीनं व्हावी असा अर्ज करता येतो, आणि रात्रभर गाड्या खाली करून सकाळी झोपणाऱ्या माणसाला त्याचं मोल मोठं आहे.

तक्रारीत घटना तारखेनुसार मांडायच्या, बँकेला दिलेलं पत्र आणि आलेलं उत्तर जोडायचं, मागण्या स्पष्ट लिहायच्या: मूळ रक्कम जीएसटीसह, कापल्या दिवसापासून व्याज, मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च. सोबत प्रतिज्ञापत्र. नोटीस मिळाल्यावर बँकेला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये ठरवून टाकलं आहे. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो आणि त्याची मनाची तयारी ठेवावी. आदेश झाल्यावरही बँकेनं तो पाळला नाही तर कायद्याच्या ७२ व्या कलमाखाली अर्ज करता येतो. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अर्ज दाखल झाला की रक्कम बहुधा लवकर जमा होते.

दाणा बंदर म्हणजे धान्य बाजार किंवा मसाला बाजार इथल्या व्यापाऱ्यानं मात्र आयोगात जायच्या आधी थांबून विचार करावा. व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा हा कायद्याच्या भाषेत ग्राहक नाही. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे. शेअर दलालानं व्यवसायासाठी घेतलेल्या ओव्हरड्राफ्टचा वाद ‘श्रीकांत मंत्री विरुद्ध पंजाब नॅशनल बँक’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल लागला की ही सेवा व्यापारी कारणासाठी होती, म्हणून तक्रार ग्राहक आयोगात चालणार नाही. गाळ्याच्या चालू खात्यावर, कॅश क्रेडिटवर किंवा रोकड भरण्याच्या शुल्कावर वाद असेल तर तोच प्रश्न उभा राहील, आणि बँकेचा वकील तो पहिल्याच तारखेला काढेल. लोकपाल योजनेत मात्र व्यापारी खात्याला असा मज्जाव नाही. गाळेधारकानं तिकडेच जावं.

उलट गत पतसंस्थेची. बाजारात दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या पतसंस्था पुष्कळ आहेत, आणि त्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे. पण ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे: सहकार कायद्यात वेगळी व्यवस्था असली तरी सभासदाला ग्राहक म्हणून दाद मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या थिरुमुरुगन सहकारी कृषी पतसंस्थेच्या प्रकरणात डिसेंबर २००३ मध्येच सांगितलं.

आता एका रकमेबद्दल, जिच्यासाठी एकट्या माणसानं कधीच कुठलं दार ठोठावलं नसतं: १७ रुपये ७० पैसे. मूलभूत बचत खात्यातून महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे गेले की स्टेट बँक पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १५ रुपये आणि त्यावर जीएसटी घेत असे, रुपे कार्ड आणि यूपीआयचे डिजिटल व्यवहारही त्यात धरून. पवईच्या आयआयटीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी या कपातीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक काढून, १ जानेवारी २०२० नंतर रुपे आणि यूपीआय व्यवहारांवर घेतलेलं शुल्क परत करा, असं सर्व बँकांना सांगितलं. पैसे परत आले. त्यासाठी खातेदाराला अर्जही करावा लागला नाही. दास यांच्या २०२१ च्या अहवालानुसार एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात किमान १४ कोटी व्यवहारांवर २५४ कोटींहून जास्त रक्कम घेतली गेली होती, ९० कोटी परत झाले आणि २०२० च्या आधीचे १६४ कोटी राहिले. आपण आधी सूचना देऊन, नियमांत राहूनच हे शुल्क घेतलं आणि सरकारचा आदेश येताच १ जानेवारी २०२० नंतरचं परत केलं, अशी बँकेची भूमिका होती.

एका खात्यावर पाहिलं तर ही रक्कम एका वडापावाची. चौदा कोटी वेळा घेतल्यावर तिचे शेकडो कोटी झाले. माथाडीची टोळी एकत्र काम करते, एकत्र मजुरी घेते, आणि पुष्कळदा सगळ्यांची खाती एकाच बँकेच्या एकाच शाखेत असतात. त्या वीस-पंचवीस जणांच्या पासबुकात एकाच महिन्यात एकाच प्रकारची कपात दिसली तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली, आयोगाची परवानगी घेऊन, समान हितसंबंध असलेल्या सर्वांच्या वतीनं एक-दोघांना तक्रार करता येते. मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही ती करू शकते. बिंदुमाधव जोशींनी १९७० च्या दशकात पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीपासून अशा संघटनांची परंपरा महाराष्ट्रात आहे, आणि मुंबई ग्राहक पंचायत अशा कामात मार्गदर्शन करते. परवानगी मागताना दाखवायचं एवढंच, की सगळ्यांची तक्रार एकाच कपातीची आहे आणि मागणीही एकच आहे. त्यासाठी टोळीतल्या प्रत्येकाच्या पासबुकाचं तेच पान, त्याच महिन्याचं, एकाखाली एक लावून जोडावं. शाखेला द्यायचं पहिलं पत्र मात्र प्रत्येकानं आपापल्या नावानं, वेगळं द्यावं, म्हणजे पुढे कुणाचीही तक्रार ‘आधी बँकेकडे आलाच नाहीत’ या कारणावर गळणार नाही.